कठड्याच्या आतली माती

मी, प्रमोदिनी कमलाकर सबनीस, वय चौपन्न, धंदा पत्रकारिता, राहणार काकरतळे, महाड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या घरात, दिवसाउजेडी बसून लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. ते ठिकाणावर नाही असे गेल्या दहा वर्षांत तीन वेळा लेखी कळवण्यात आले, त्यात एकदा माझ्या सख्ख्या भावाकडून. म्हणून डॉ. आमोद पोतदार यांचा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी धमकावलेले नाही, फूस लावलेली नाही. ज्यांनी पूर्वी धमकावले त्यांची नावे पुढे येतीलच.

येत्या वीस तारखेला मुंबईत माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. नऊ डिसेंबरला महाडच्या न्यायालयात माझ्याविरुद्धच्या अब्रूनुकसानीच्या फिर्यादीची तारीख आहे. वीस तारखेतून उठले तर नऊ तारखेला मी तिथे उभी असेन. उठले नाही तर काय करायचे ते खाली लिहिले आहे, आणि ते तसेच करायचे आहे. माझ्या वकील सई कर्णिक यांना मी या मृत्युपत्राच्या व्यवस्थापक नेमते.

कलम १. घर. काकरतळ्याच्या आमच्या घराचा पहिला मजला वडिलांच्या मृत्युपत्राप्रमाणे माझा आणि तळमजला भाऊ निषाद याचा. माझा मजला मी निषादची मुलगी मैथिली हिला देते. २००५ च्या पुरात खाली पंख्यापर्यंत पाणी चढले आणि तिथे ठेवलेल्या माझ्या एकशे चाळीस कॅसेटी गाळात गेल्या. त्या कॅसेटी म्हणजे माझे सगळे काम. पाणी ओसरल्यावर मैथिली पुण्याहून आली आणि आठ दिवस एकेक कॅसेट बादलीत धूत बसली. एकही वाचणार नाही हे तिला पहिल्याच दिवशी कळले होते, तरी ती उठली नाही. मजला देण्याला एवढे कारण पुरे आहे.

तिने तो ठेकेदार मालोजी धाडवे यांना किंवा त्यांच्या माणसांना विकू नये. अशी अट कायद्यात टिकत नाही, असे सईताई म्हणतात. म्हणून अट घालत नाही, सांगून ठेवते.

कलम २. ट्रायपॉड. कॅमेरे माझ्या जुन्या वृत्तवाहिनीचे होते, ते तिने परत नेले. ट्रायपॉड मात्र मी स्वतः घेतला होता. तो माझे कॅमेरामन भिकाजी कदम यांना द्यावा. का द्यावा, ते सविस्तर लिहिते, कारण ही गोष्ट भिकाजी स्वतः कधी कोणाला सांगणार नाहीत.

मी आधी शाळेत शिकवत होते. शिकवता शिकवता एका दैनिकाला बातम्या पाठवू लागले, आणि १९९५ मध्ये मुंबईच्या एका वाहिनीने मला कोकणची बातमीदार म्हणून घेतले. पोलादपूरकडच्या एका वसतिगृहात पटावर साठ मुले आणि जेवायला ताटे अकरा, हे मी आणि भिकाजींनी दाखवले. हिरकणीवाडीत गडावर येणाऱ्यांना पिठले-भाकरी विकणाऱ्या बायकांच्या टपऱ्या कोणाच्या हॉटेलसाठी उठवल्या जात होत्या, तेही दाखवले. टपऱ्या राहिल्या. महाडच्या बाजारात लोक मला थांबवून बोलू लागले. मला ते फार आवडत होते. हे मुद्दाम नोंदवते, कारण पुढे जे झाले त्यात या आवडीचा वाटा आहे.

१९९८ च्या मे महिन्यात आंबेनळी घाटात लग्नाहून परतणारी एक जीप वळणावरचा कठडा तोडून दरीत गेली. नऊ माणसे मेली, एक म्हातारी वाचली. चालक सहदेव पार्टे, राहणार उमरठ, मेलेल्यांत होता. आम्ही पोचलो तेव्हा एका हवालदाराने जीपमध्ये सापडलेली म्हणून दारूची बाटली मला दाखवली. भिकाजींनी ती जवळून टिपली. मग ते कठड्याकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम, बांधकाम नवं दिसतंय. एवढं कसं फुटलं? खाली उतरून बघून येऊ का?"

मी म्हणाले, "वेळ नाही. कॅसेट संध्याकाळच्या बातम्यांना पोचली पाहिजे."

कॅसेट पोचली. 'दारूच्या एका घोटाने घेतला आठ जिवांचा घोट' हे वाक्य माझे; सहदेवला मी त्या आठांत धरलेच नव्हते. दोन दिवसांत ते माझ्याच आवाजात नऊ वेळा ऐकवले गेले. भिकाजींनी त्यानंतर एकदाही मला त्या वेळेची आठवण करून दिली नाही. ट्रायपॉड त्यांनी वापरावा, विकावा, काही करावे. पाय थोडे आखडतात, तेल द्यावे लागते.

कलम ३. प्रयागबाई पार्टे. अपघातानंतर पाचव्या दिवशी सहदेवची बायको प्रयागबाई महाडला आमच्या घरी आली. बरोबर सहा वर्षांची मुलगी तेजश्री होती. वडील तेव्हा हयात होते, त्यांनीच दार उघडले. ती शिव्याशाप द्यायला आली असेल असे मला वाटले आणि मी मनात उत्तरे जुळवत बाहेर आले. ती ओट्यावरच बसली. आत यायला तयार नव्हती.

तिने विचारले, "तुमी त्यांना पिताना बगितलात काय?"

मी नाही म्हणाले.

"मंग कोनी बगितलन?"

मी हवालदाराचे नाव सांगितले.

"त्यो घाटात होता काय तवा?"

तो तेव्हा घाटात नव्हता. तो माझ्याआधी तासभर पोचला होता. मी तसे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मंग सांगितलात कसं गो बाय?"

मी त्यानंतर मंत्र्यांच्या, साहेबांच्या, वकिलांच्या प्रश्नांना उत्तरे दिली आहेत. हा प्रश्न मात्र मी प्रत्येक बातमीआधी स्वतःला विचारत आले. सहदेवला दारूच्या वासानेही मळमळायचे, म्हणून तो वरातीच्या गाड्या सहसा घेत नसे, हे तिने जाताजाता सांगितले. वडिलांनी तिला आणि मुलीला एस.टी. स्टँडपर्यंत पोचवले आणि परत आल्यावर माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. ते चाळीस वर्षे शिक्षक होते. शिक्षा कशी करावी हे त्यांना माहीत होते.

मग मी शोध सुरू केला. वाचलेली म्हातारी महिनाभर बोलू शकत नव्हती, म्हणून तिला कोणी काही विचारलेच नव्हते. तिने सांगितले की समोरून ट्रक आला, सहदेवने जीप अगदी हळू कडेला घेतली, मागचे चाक कठड्याला टेकले आणि कठडाच खाली गेला. सहदेवच्या रक्ताची तपासणी कधी झालीच नव्हती. बाटली न फुटलेली आणि सीलबंद होती. ते आमच्याच चित्रणात स्वच्छ दिसत होते. मी ते नऊ वेळा दाखवले आणि एकदाही पाहिले नाही.

माझी सर्व पुस्तके आणि बँकेत जी काय शिल्लक असेल ती तेजश्री सहदेव पार्टे हिला द्यावी. ती आता अकरावीत आहे. ही भरपाई नाही. भरपाई होत नसते.

कलम ४. चांगू शेलार. हे नाव मी नऊ वर्षे उच्चारलेले नाही. न्यायालयात नाही, घरात नाही, संपादकांपुढे नाही. आज ते त्यांच्याच सांगण्यावरून लिहीत आहे.

१९९८ च्या डिसेंबरात मी आणि भिकाजी पुन्हा त्या वळणावर गेलो. फुटलेल्या भागाला लागून कठडा अजून उभा होता. बाहेरून घडीव दगड, मधे सिमेंटच्या रेघा, बघणाऱ्याला भक्कम वाटेल असा. मी एक दगड हलवू पाहत होते. खालच्या पायवाटेने एक साठीचा माणूस वर आला, थोडा वेळ माझी धडपड बघत राहिला आणि म्हणाला, "अशी नाय निघायची ताई. पहार लागंल." तो खरोखरच जाऊन पहार घेऊन आला. त्याने तीन घाव घातले. दगड निघाला आणि आतून लाल माती, पालापाचोळा आणि रिकाम्या गोणींचे तुकडे पडले. सिमेंट बोटभर, तेही फक्त वरून.

कॅमेरा चालू होता. मी विचारले, तुम्हाला कसे माहीत? तो म्हणाला, "मला नाय म्हाईत आसंल तर कुनाला? मी गवंडी. म्याच केलाय त्यो."

तो कठडा चांगू शेलार यांनी बांधला. ठेकेदार मालोजी धाडवे यांनी माती भरायला सांगितली, त्यांनी भरली. हे ते बावीस मिनिटे कॅमेऱ्यासमोर, चेहरा न झाकता बोलले. शेवटी म्हणाले, माझी दोन पोरे मालोजीरावांच्या खडी क्रशरवर आहेत, माझे तोंड दाखवू नका. मी शब्द दिला. जानेवारीत बातमी दाखवली तेव्हा त्यांचा चेहरा काळा केला होता.

मालोजीरावांनी फिर्याद केली: कठड्याची चित्रे बनावट, गवंडी मुंबईहून भाड्याने आणलेला. न्यायालयाने मूळ कॅसेट मागितली. ती हजर केली असती तर फिर्याद तिथेच संपली असती, आणि चांगूंच्या पोरांचे कामही. मी सांगितले की कॅसेट माझ्या ताब्यात नाही. हे उत्तर खरे होते, सरळ नव्हते. मीच आधी ठेवायला दिलेली कॅसेट उमरठला प्रयागबाईच्या ट्रंकेत, लुगड्यांच्या खाली होती. मालोजीरावांच्या माणसांनी माझ्या घराची दोनदा उलथापालथ केली, पुरात सगळे गेले, पण मेलेल्या ड्रायव्हरच्या घरी काही असेल असे मालोजीरावांच्या मनात कधी आले नाही. नवऱ्याचे नाव धुऊन काढणारी वस्तू उशाशी असून त्या बाईने नऊ वर्षे ती बाहेर काढली नाही. मी एकदा विचारले तेव्हा म्हणाली, "त्या गवंड्याची पन पोरं हायत नव्हं." एवढेच.

कलम ५. मानचिन्ह. कठड्याच्या, म्हणजे दुसऱ्या बातमीसाठी मला मुंबईत पुरस्कार मिळाला. काचेचा त्रिकोण आहे, खाली पितळी पट्टी. दुसऱ्या बातमीत मी एक वाक्य लिहिले होते: 'सहदेव पार्टे दारू प्यायलेले होते असे आम्ही सांगितले, ते चूक होते.' संपादकांनी ते कापले. मी भांडले. ते शांतपणे म्हणाले, "आपण चूक कबूल करत नाही, प्रमोदिनी. आपण पुढची बातमी दाखवतो."

मग मी उमरठला गेले. देवळापुढे गावकरी जमवले आणि कॅमेरा न लावता ते वाक्य मोठ्याने बोलले. सहदेवची माफी मागितली, प्रयागबाईची मागितली. प्रयागबाई उठून घरात गेली आणि चहा टाकून आली.

संपादकांनी नंतर मला सणवार आणि पाककृतींचे कार्यक्रम दिले. २००२ मध्ये मी राजीनामा देऊन महाडला परत आले. मला काढले असे कोणी म्हणत असेल तर ते खोटे आहे. राजीनाम्याची पोच कपाटात आहे. मानचिन्ह भंगारात द्यावे. पितळेचे काही आले तर भंगारवाल्याने ठेवावे.

कलम ६. भाऊ निषाद यास. निषाद स्थापत्य अभियंता आहे आणि मालोजीरावांच्या इमारतींची कामे पाहतो. २००० साली तो टाइप केलेला माफीनामा घेऊन आला. चार ओळी होत्या. कठड्याबाबतची माझी बातमी अज्ञानातून आणि वैयक्तिक आकसातून दिली गेली, असे त्यात होते. तो म्हणाला, "सही कर. ते फिर्याद मागे घेतील. विषय संपेल."

मी म्हणाले, "नऊ माणसं संपली आहेत. विषय कसा संपेल?"

मी सही केली नाही म्हणून त्याने वाहिनीला पत्र लिहिले की बहिणीची मनःस्थिती बरोबर नाही. वर ज्या तीन लेखी कळवण्यांचा उल्लेख केला त्यातले हे एक. गेल्या महिन्यात मी दवाखान्यात असताना तो तोच माफीनामा नव्या तारखेने घेऊन आला. बरोबर संत्री होती. संत्री मी खाल्ली.

हे दोन्ही सही नसलेले कागद माझ्या टेबलाच्या खणात आहेत. ते मी निषादला परत देते. माझ्या पश्चात माझ्या नावाने, वारस म्हणून किंवा भाऊ म्हणून, त्याने किंवा कोणीही दिलगिरी, खुलासा किंवा तडजोडीवर सही करू नये. केली तर ती माझी नाही. माझ्याकडून एकच माफी जायची होती, ती उमरठला पोचली आहे.

निषाद, लहानपणी गांधारी नदीत तू मला पोहायला शिकवलेस. ते मी विसरलेले नाही. वडिलांचे घड्याळ तुला देते. त्याला रोज सकाळी किल्ली द्यावी लागते.

कलम ७. मूळ कॅसेट. शस्त्रक्रियेची तारीख ठरली तेव्हा मी चांगूंच्या वाडीवर गेले. आता त्यांचे वय सत्तरीचे आहे, डोळ्याला कमी दिसते. मी म्हणाले, कॅसेट मोडून टाकते, मी गेल्यावर ती कोणाच्या हाती लागेल सांगता येत नाही, तुम्हाला दिलेला शब्द तरी राहील.

ते म्हणाले, "ताई, तवा पोरांसाठी तोंड झाकलं. पोरं आता मुंबयला हायत, मालोजीरावाचं खात नायत. आता कुनासाठी झाकू?"

मी सांगितले की तुमच्यावरही गुन्हा दाखल होऊ शकतो. ते म्हणाले, "होऊंदे. हात माजेच हुते."

त्यानंतर सईताईंनी त्यांचे प्रतिज्ञापत्र करून घेतले. ते त्यांच्या कार्यालयात आहे.

तेव्हा मी जिवंत असले तर नऊ डिसेंबरला ती कॅसेट स्वतः न्यायालयात हजर करीन. नसले तर आरोपीच्या मृत्यूबरोबर ही फिर्याद संपेल आणि कॅसेट बघायची कोणाला गरज उरणार नाही. मालोजीराव याचीच वाट पाहत आहेत, म्हणून गेल्या दोन वर्षांत त्यांच्याकडून अकरा वेळा पुढची तारीख मागण्यात आली. म्हणून कॅसेट मी प्रयागबाई सहदेव पार्टे यांना देते. ती आजवर त्यांनी सांभाळली, यापुढे ती त्यांच्या मालकीची. कॅसेट आणि प्रतिज्ञापत्राच्या आधारे आंबेनळीच्या अपघाताचा तपास पुन्हा व्हावा, आणि सरकारी कागदात सहदेव पार्टे यांच्या नावापुढे 'मद्यधुंद' असे जे लिहिले आहे ते खोडले जावे, यासाठी त्यांच्या वतीने अर्ज करायचे सईताईंनी मान्य केले आहे. कॅसेटच्या तीन प्रती काढल्या आहेत. कुठे आहेत ते लिहीत नाही.

कलम ८. अंत्यविधी. सावित्री नदीकाठी, साधेपणाने. शोकसभा घेऊ नये. या तालुक्यातल्या प्रत्येक शोकसभेचे अध्यक्ष मालोजीराव असतात आणि मृताच्या फोटोला पहिला हार तेच घालतात. माझा फोटोच लावू नये, म्हणजे प्रश्न येणार नाही. जुन्या वाहिनीला माझ्यावर काही दाखवायचे असेल तर मेमधली पहिली बातमी दाखवावी आणि तिच्याखाली कापलेले वाक्य लिहावे. ते जमत नसेल तर काही दाखवू नये.

जे दाखवले त्यातल्या एका बातमीची मला शरम आहे. बाकीच्या एकीचाही शब्द मी मागे घेत नाही.

येथवरचा मजकूर मी लिहिला, पुन्हा वाचला, आणि दोन्ही साक्षीदारांपुढे मोठ्याने वाचून दाखवला. साक्षीदार म्हणून मी डॉ. पोतदार यांना आणि शेजारच्या एका गृहस्थांना बोलावले होते. शेजारी कालपर्यंत तयार होते, आज सकाळी त्यांना गावाला जावे लागले. चांगू शेलार प्रतिज्ञापत्राची प्रत न्यायला आले होते. ते म्हणाले, "मानूस कमी हाय तर मी हाय की." त्यांना या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही, म्हणून सईताईंनी हरकत घेतली नाही.

वाचन चालू असताना त्यांनी मला एकदाच थांबवले. कलम ४ मध्ये मी आधी 'तो कठडा चांगू शेलार यांच्याकडून बांधून घेण्यात आला' असे लिहिले होते. ते म्हणाले, "बांधून घेतला नाय, ताई. मी बांधला. तसं लिवा." मी म्हणाले की कायद्याच्या दृष्टीने आधीचे शब्द तुम्हाला सोयीचे आहेत. त्यांनी नकाराची मान हलवली आणि टेबलावरचे पेन माझ्या हातात दिले. सबब सदर ओळीतील 'यांच्याकडून बांधून घेण्यात आला' हे शब्द खोडून 'यांनी बांधला' असे केले आहे. त्या खाडाखोडीशेजारी माझी आणि दोन्ही साक्षीदारांची सही आहे.

ठिकाण: महाड, जिल्हा रायगड
दिनांक: १६ नोव्हेंबर २००८

(सही) प्रमोदिनी कमलाकर सबनीस

आमच्या समक्ष त्यांनी सही केली आणि त्यांच्या समक्ष आम्ही केली:

१. (सही) डॉ. आमोद पोतदार, महाड

२. (सही) चांगू शेलार, धंदा गवंडी, तालुका पोलादपूर